मुंबईची मानमोडी आणि न्यूमोनियाच्या कारणाचा शोध

सकाळी नऊच्या सुमारास साकीनाक्याच्या चौकात उभे राहावे. अंधेरी-कुर्ला रस्ता, घाटकोपरकडून येणारा जोडरस्ता आणि विहारकडे जाणारा साकीविहार रस्ता येथे एकत्र येतात. २०१४ पासून डोक्यावरून मेट्रोही धावते. पाच मिनिटांत शेकडो माणसे एकमेकांना खेटून पुढे सरकतात. त्यांतला एक जण शिंकतो, दुसरा खोकतो. आपण तिकडे लक्षही देत नाही. श्वसनमार्गाच्या विषाणूंना मात्र यापेक्षा सोयीची जागा नाही.

शंभर वर्षांपूर्वी या चौकाचे हे रूप नव्हते. १९१८ मध्ये मुंबई शहराची हद्द माहीम आणि शीव येथे संपत असे. त्यापलीकडचा साष्टीचा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत होता. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला आणि अंधेरी-कुर्ल्याचा हा पट्टा १९५० साली बृहन्मुंबईत आला. त्यामुळे पुढे १९१८च्या मुंबईचे जे आकडे येतील, ते माहीम-शीवच्या आतल्या शहराचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. त्या शहरात त्या वर्षी जे घडले, त्याने न्यूमोनियाविषयीचा एक मोठा प्रश्न उभा केला. तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. प्रश्न साधा आहे: रोग्याच्या शरीरात एखादा सूक्ष्मजीव सापडला, म्हणून त्यालाच त्या रोगाचे कारण मानावे काय?

बंदरातून आलेला ताप

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणून पोलीस रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या काही दिवसांत जहाज कंपन्यांचे नोकर, गोदीतले कामगार, बँकांतले कारकून आणि गिरणीतले मजूर अशी आजाऱ्यांची रांगच लागली. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांच्या मते मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजावरून हा रोग आला. सरकारी पक्षाचे म्हणणे उलटे होते. खलाशांना हा रोग मुंबईतच जडला, असे ते सांगत. साथ कोणाच्या दारातून आली, हा वाद प्रत्येक साथीत होतो, तसा तेव्हाही झाला.

पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. माणसे तीन-चार दिवस अंथरूण धरत आणि बरी होत. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात या रोगाने ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबईतून निघणाऱ्या आगगाड्यांबरोबर रोग दख्खनच्या पठारावर, खानदेशात, वऱ्हाडात आणि पुढे सगळ्या देशात पोचला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग झाले होते आणि अनेक डॉक्टर महायुद्धाच्या आघाड्यांवर अडकले होते. खेड्यापाड्यांत लोकांनी या साथीला ‘मानमोडी’ असे नाव दिले. जुन्या घराण्यांच्या आठवणींत आणि चरित्रांत हा शब्द आजही भेटतो.

एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. देशभराचा आकडा सरकारने प्रथम साठ लाखांच्या घरात धरला होता. पुढच्या अभ्यासकांनी जनगणनेच्या आधारे तो सव्वा कोटी ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान असावा, असा हिशेब मांडला. भूगोल शिकवताना आपण १९२१ हे भारताच्या लोकसंख्येचे ‘विभाजक वर्ष’ म्हणून सांगतो, कारण १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. त्या उतारामागचे सर्वांत मोठे कारण ही साथ होती, हे मात्र वर्गात सांगायचे बहुधा राहून जाते.

या मृत्यूंचे एक वैशिष्ट्य तेव्हाच्या डॉक्टरांना बुचकळ्यात टाकणारे होते. एरवी फ्लू लहान मुलांना आणि वृद्धांना मारतो. या साथीत २० ते ४० या वयाची धडधाकट माणसे सर्वाधिक मेली, आणि आपल्याकडे त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. शिवाय बहुतेक रोगी नुसत्या तापाने मेले नाहीत. ताप उतरू लागला असे वाटत असतानाच त्यांना धाप लागे, छातीत दुखू लागे, थुंकीतून रक्त पडे. त्यांना न्यूमोनिया होत असे.

न्यूमोनिया म्हणजे काय?

आपल्या फुफ्फुसांत हवेच्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात शिरतो. जंतुसंसर्गाने या पिशव्यांना सूज आली आणि त्यांत हवेऐवजी द्रव व पू भरला, की त्या स्थितीला न्यूमोनिया किंवा फुफ्फुसदाह म्हणतात. म्हणजेच न्यूमोनिया हे फुफ्फुसाच्या एका अवस्थेचे नाव आहे. ती अवस्था अनेक वेगवेगळ्या जंतूंमुळे येऊ शकते. विद्यार्थ्यांना हे मुद्दाम समजावून द्यावे, कारण पुढचा सारा गोंधळ येथूनच सुरू होतो.

१८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांना, एकमेकांना ठाऊक नसताना, एक जोडगोळीसारखा दिसणारा जीवाणू आढळला. तोच पुढे न्यूमोकोकस म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रौढांच्या न्यूमोनियात तो वारंवार सापडे. त्यामुळे न्यूमोनिया म्हणजे जीवाणूंचा रोग, अशी समजूत दृढ झाली.

फायफरचा जीवाणू

फ्लूच्या बाबतीतही असेच झाले. १८८९-९० मध्ये जगभर फ्लूची मोठी साथ आली होती. त्या साथीतील रोग्यांच्या थुंकीत रिशार्ट फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला एक बारीक दंडाकृती जीवाणू सापडला. फायफर हा थोर जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचा सहकारी होता. १८९२ मध्ये त्याने हाच फ्लूचा जंतू असल्याचे जाहीर केले. कॉख यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या या घोषणेवर शंका घेण्याचे धाडस फार थोड्यांनी केले.

त्याच १८९२ साली रशियात दिमित्री इवानोव्स्की तंबाखूच्या पानांवरील एका रोगाचा अभ्यास करत होता. रोगट पानांचा रस त्याने चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. या गाळणीतून कोणताही ज्ञात जीवाणू पार होत नसे. तरीही गाळलेल्या रसाने निरोगी रोपे आजारी पडली. पुढे अशा गाळणीतून निसटणाऱ्या रोगकारकांना विषाणू हे नाव मिळाले. एकाच वर्षी जाहीर झालेल्या या दोन निष्कर्षांपैकी एकाला फ्लूचे उत्तर म्हणून मान्यता मिळाली. खऱ्या उत्तराची किल्ली मात्र दुसऱ्यात होती.

१९१८ची साथ आली तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांत फायफरच्या जीवाणूचा शोध सुरू झाला. कोठे तो बहुसंख्य रोग्यांत सापडे, तर कोठे अजिबात सापडत नसे. कोठे त्याच्याऐवजी न्यूमोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस दिसे. ज्यांना तो सापडला नाही, त्यांची पद्धत चुकली असावी, असे प्रथम मानले गेले, आणि ते अगदीच गैर नव्हते, कारण हा जीवाणू वाढवायला अवघड आहे. त्याला वाढण्यासाठी रक्तातील घटक लागतात. अनेक देशांत या जीवाणूपासून लसी तयार करून टोचण्यात आल्या. मूळ विषाणूवर त्यांचा परिणाम होणे शक्यच नव्हते.

शंका घेणारेही होते. १९१८ मध्येच ट्युनिस येथे शार्ल निकोल आणि शार्ल लबाई यांनी रोग्यांचे स्राव गाळणीतून गाळून त्यांनी माकडात व माणसांत रोग उत्पन्न होतो, असे निष्कर्ष मांडले. पण साथीच्या धामधुमीत ज्याच्या त्याच्या प्रयोगांचे निकाल वेगळे येत होते. निर्णय लागण्यास आणखी पंधरा वर्षे जावी लागली.

शिंकणारा फेरेट

१९३३ मध्ये लंडन येथे विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रोग्यांच्या घशातील गाळलेला द्रव फेरेटच्या नाकात घातला. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी आहे. कुत्र्यांच्या एका विषाणुजन्य रोगावरील संशोधनासाठी तो तेथे आधीच पाळलेला होता. दोन दिवसांत फेरेटना ताप आला, नाके वाहू लागली, शिंका सुरू झाल्या. आजारी फेरेटकडून निरोगी फेरेटला लागण झाली. पुढे १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसंगात तर आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाही फ्लू झाला. त्याच्या घशातून तोच विषाणू परत मिळाला. साखळी पूर्ण झाली.

मग फायफरचे काय? त्याचे निरीक्षण खरे होते. तो जीवाणू रोग्यांत होताच. पण तो फ्लूचे मूळ कारण नव्हता. त्याचे शास्त्रीय नाव मात्र आजही ‘हिमोफिलस इन्फ्लुएंझी’ असेच आहे. १९९५ मध्ये ज्या स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचा संपूर्ण जनुकसंच जगात प्रथम वाचला गेला, तो हाच. विज्ञानातली एक चूक अशी नावाच्या रूपाने कायम राहिली आहे.

दार उघडणारा आणि आत शिरणारा

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “मग १९१८ मध्ये माणसे विषाणूने मेली की जीवाणूंनी?” या प्रश्नाचे उत्तर मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

अमेरिकेतील जेफरी टाउबेनबर्गर यांच्या गटाने १९१८ साली मेलेल्या सैनिकांच्या मेणात जपून ठेवलेल्या फुफ्फुसांच्या तुकड्यांतून, आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका शवातून, त्या विषाणूचे जनुकीय अवशेष मिळवले. पहिले तुकडे १९९७ मध्ये वाचले गेले आणि २००५ पर्यंत संपूर्ण जनुकसंच हाती आला. तो विषाणू एच१एन१ या जातीचा होता. त्यानंतर २००८ मध्ये याच टाउबेनबर्गर यांनी डेव्हिड मोरेन्स आणि अँथनी फाउची यांच्यासह १९१८-१९ मधील ८,३९८ शवविच्छेदनांच्या जुन्या प्रसिद्ध नोंदी तपासल्या आणि ५८ जणांच्या फुफ्फुसांचे नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुतेक सर्वांत जीवाणुजन्य न्यूमोनियाच्या स्पष्ट खुणा होत्या.

म्हणजे दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू वरच्या दिशेने झाडून काढतात. फ्लूचा विषाणू नेमक्या याच पेशी नष्ट करतो. झाडणारेच गेले, की एरवी नाका-घशात निमूटपणे राहणारे न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, हिमोफिलस यांसारखे जीवाणू फुफ्फुसात खोलवर उतरतात. विषाणूने दार उघडले आणि जीवाणू आत शिरले. काही रोग्यांत विषाणू स्वतःच वायुकोशांपर्यंत पोचून न्यूमोनिया घडवतो, हेही खरे आहे. पण प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात मुंबईच्या चाळींत मेलेल्या बहुतेकांच्या बाबतीत या दोघांची भागीदारी असावी, असे मानायला सबळ आधार आहे.

गाळणीनेही फसवले

विषाणूचा विजय झाल्यावर गंमत अशी झाली, की मंडळी उलट दिशेला झुकली. १९३८ मध्ये होबार्ट रायमन यांनी ‘वेगळ्या धाटणीच्या’ न्यूमोनियाचे वर्णन केले. त्यात न्यूमोकोकस सापडत नसे. पुढे या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही, असेही दिसून आले. १९४४ मध्ये मन्रो ईटन यांनी त्याचा रोगकारक गाळणीतून पार होतो, असे दाखवले. तो विषाणू असल्याचे बहुतेकांनी गृहीत धरले. १९६२ मध्ये रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पोषक माध्यमावर वाढवला, तेव्हा कळले की तो मायकोप्लाझ्मा नावाचा अतिलहान जीवाणू आहे. त्याला पेशीभित्तिका नसते. म्हणूनच तो गाळणीतून निसटे, आणि पेशीभित्तिकेवर काम करणाऱ्या पेनिसिलिनला दाद देत नसे. फायफरच्या वेळी विषाणूचे श्रेय जीवाणूला गेले होते, येथे जीवाणूचे श्रेय विषाणूला गेले.

दरम्यान १९५०च्या दशकात अॅडिनोव्हायरस, ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही असे श्वसनमार्गाचे अनेक विषाणू एकामागून एक सापडले. पण ते ओळखायला पेशींचे संवर्धन करावे लागे, त्यात दिवसचे दिवस जात. साध्या रुग्णालयात ते शक्य नव्हते. जे शोधता येत नाही, ते नाहीच असे मानण्याकडे माणसाचा कल असतो. म्हणून प्रौढांचा न्यूमोनिया म्हणजे जीवाणू, हे समीकरण पुस्तकांत टिकून राहिले. जनुकीय पदार्थाच्या अल्पशा अंशाच्या कोट्यवधी प्रती काढणारी पीसीआर ही पद्धत १९८०च्या दशकात आली आणि पुढे रुग्णालयांत पोचली, तेव्हा हे चित्र पालटले.

अमेरिकेत २०१० ते २०१२ या काळात न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्या २,२५९ प्रौढांची अशी कसून तपासणी झाली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २३ टक्के रोग्यांत केवळ विषाणू सापडले, ११ टक्क्यांत केवळ जीवाणू, ३ टक्क्यांत दोन्ही आणि १ टक्क्यात बुरशी किंवा क्षयगटातले जंतू. सर्वांत अधिक वेळा आढळला तो साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस (९ टक्के), त्याखालोखाल फ्लूचा विषाणू (६ टक्के) आणि मग न्यूमोकोकस (५ टक्के). बेरीज केली तर ३८ टक्के होते. उरलेल्या ६२ टक्के रोग्यांत, इतकी साधने हाताशी असूनही, कोणताच जंतू सापडला नाही.

हा अभ्यास वाचताना फायफरची आठवण ठेवावी. नाकात ऱ्हायनोव्हायरस सापडला, म्हणून फुफ्फुसातला न्यूमोनिया त्यानेच केला असे लगेच म्हणता येत नाही. याच कारणासाठी संशोधक निरोगी माणसांचेही नमुने तपासतात. निरोगी माणसात जो जवळजवळ कधीच सापडत नाही आणि रोग्यात वारंवार सापडतो, त्याच्यावरचा आरोप बळकट होतो. फ्लूच्या विषाणूवरचा आरोप असा बळकट आहे, ऱ्हायनोव्हायरसवरचा तितका नाही. उलट, फुफ्फुसाच्या खोल भागातला जीवाणू आपल्या साधनांना सापडला नाही, म्हणून तो नव्हताच असेही नाही.

पुन्हा मुंबई

आपल्याकडे या साऱ्याची उजळणी दोनदा झाली. ऑगस्ट २००९ मध्ये एच१एन१च्या नव्या विषाणूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, पुण्या-मुंबईच्या शाळा काही दिवस बंद राहिल्या. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून विषाणूंवर काम करत आलेली असल्याने निदान करणारी प्रयोगशाळा घरातच होती. १९१८ साली हे बळ नव्हते.

मार्च २०२० मध्ये कोविड मुंबईत पोचला. शहराच्या साथरुग्णांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या आर्थर रोडच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, पहिले रुग्ण आले. पुढे साकीनाक्याजवळ मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवण्यात आले. या न्यूमोनियात मुख्य नुकसान विषाणू आणि त्याला शरीराने दिलेला प्रतिसाद यांमुळे होत होते. वेगवेगळ्या देशांतील सुरुवातीच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला, तेव्हा जीवाणूंचा संसर्ग सुमारे ७ टक्के रोग्यांत आढळला, पण प्रतिजैविके मिळाली होती ७० टक्क्यांहून अधिक जणांना. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काही परिणाम होत नाही. अनावश्यक वापराने ती जीवाणूंवरही निकामी होत जातात. कारण नेमके कोणते, हा प्रश्न औषधाच्या पेटीपर्यंत पोचतो तो असा.

आता शेवटचा आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा आकडा. १९१८ मध्ये मुंबई शहरात इन्फ्लुएंझाने हजारी किती माणसे मेली, याचे समाजवार तक्ते उपलब्ध आहेत. युरोपीयांत हजारी ८.३, पारशांत ९.०, मुसलमानांत १९.२, आणि त्या काळची नोंदवही ज्यांना ‘हलक्या जातीचे हिंदू’ म्हणे त्यांच्यात ६१.६. विषाणू एकच, शहर एकच, महिनेही तेच. तरी फरक सातपटीहून अधिक! हा फरक जंतूच्या जातीने पडलेला नाही. तो दाटीने भरलेल्या खोल्या, अपुरे अन्न आणि आजाऱ्याला पाणी द्यायलाही कोणी शिल्लक न राहणे, यांनी पडला. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांना आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांना कोविडची लागण होऊन गेल्याचे दिसले. त्या प्रभागांत साकीनाका नव्हता. पण खैरानी रस्त्याच्या आतल्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यावर वेगळे भाष्य नको.

वर्गात हा विषय घेताना दोन गोष्टी करून पाहता येतील. वरचे चार मृत्युदर फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना स्तंभालेख काढायला सांगावा आणि फरकाची कारणे त्यांनाच शोधू द्यावीत. दुसरे, ‘सापडला’ आणि ‘कारणीभूत ठरला’ यांतला फरक त्यांच्या रोजच्या अनुभवातल्या उदाहरणांवरून त्यांच्याकडून काढून घ्यावा. आग लागली तेथे दर वेळी बंबवाले दिसतात, म्हणून आग त्यांनी लावली असे आपण म्हणत नाही. फायफर हुशार होता, कष्टाळू होता, त्याचे सूक्ष्मदर्शक उत्तम होते. तरीही तो चुकला. १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर तापलेल्या त्या सात शिपायांच्या घशात काय होते, हे सांगायला जगाला पंधरा वर्षे लागली, आणि तो ताप जीवघेणा न्यूमोनिया कसा होतो, हे नीट समजायला नव्वद. मधल्या काळात प्रत्येक पिढीला आपल्याला उत्तर सापडले असे वाटत होते. आपल्या पिढीलाही ६२ टक्के रोग्यांत काहीच सापडत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला संकोचू नये. त्यांच्यापैकी कोणाला तरी पुढे तेच काम करायचे आहे.